मोबाईल अ‍ॅपद्वारे सौर पॅनेलचे मानचित्रण : ब्रिटनमधील प्रयोग आणि महाराष्ट्रातील गच्च्या

बीजशब्द : सौरऊर्जा, मानचित्रण, ओपनस्ट्रीटमॅप, मोबाईल अ‍ॅप, वीज ग्रीड, क्षेत्रकार्य

प्रस्तावना

खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून महाराष्ट्रात वीजनिर्मिती ही मोजक्या, ठाऊक असलेल्या ठिकाणी होणारी क्रिया होती. कोयना, कोराडी, चंद्रपूर ही नावे शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातील नकाशावरही असत. घराच्या छतावरील सौर पॅनेलने ही स्थिती बदलली आहे. छतावर तयार झालेली वीज प्रथम त्याच घरात वापरली जाते आणि उरलेली नेट मीटरमधून बाहेर जाते. राज्य भार प्रेषण केंद्रातील अभियंत्याला ही वीज 'निर्मिती' म्हणून दिसत नाही. त्या भागाची मागणी तेवढी कमी झालेली दिसते. ढग आला की तीच मागणी अचानक वाढल्यासारखी भासते. अशी घरे थोडी असतात तोवर हा फरक दैनंदिन चढउतारात विरून जातो. मात्र १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजने'चे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे आणि ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत केंद्रीय अनुदान मिळते. एवढ्या छतांचा हिशेब केवळ अंदाजाने करणे यापुढे परवडणारे नाही.

वितरण कंपनीकडे या संचांची नोंद असते, हे खरे. परंतु ती नोंद ग्राहक क्रमांकाची आणि मंजूर क्षमतेची असते. पॅनेलचे तोंड कोणत्या दिशेला आहे, त्यावर शेजारच्या इमारतीची सावली पडते का, मंजूर झालेला संच प्रत्यक्षात बसला का आणि आजही जागेवर आहे का, या गोष्टी बिल आकारण्यासाठी लागत नाहीत. विजेचा पूर्वअंदाज बांधण्यासाठी मात्र त्याच लागतात. रस्त्यावर उभा असलेला एक विद्यार्थी आणि त्याच्या हातातील मोबाईल हे काम कितपत करू शकतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ब्रिटनमधील मोहीम

या विषयातील सर्वांत बोलका प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. तेथे एप्रिल २०१० ते मार्च २०१९ या काळात घरगुती सौर विजेला ठरावीक दराने मोबदला देणारी योजना चालू होती. चार किलोवॅटपर्यंतच्या संचांसाठी वेगळा दर असल्याने असंख्य घरांनी नेमका तेवढाच संच बसविला. योजनेची यादी सार्वजनिक होती, पण खासगीपण जपण्यासाठी तीत घराचा पत्ता नव्हता; काहीशे घरांचा मिळून जो जनगणना विभाग होतो, तेवढीच जागा कळे. मोठ्या सौर प्रकल्पांची नोंद स्वतंत्र होती. त्यामुळे एकूण किती संच आहेत हे कळत होते, पण ते नेमके कोठे आहेत हे कळत नव्हते.

अशा माहितीचे मोल ९ ऑगस्ट २०१९ च्या घटनेवरून ध्यानात येते. त्या सायंकाळी वीजवाहिनीवर वीज कोसळली. पाठोपाठ समुद्रातील एक मोठा पवनऊर्जा प्रकल्प आणि एक वायुविद्युत केंद्र यांची निर्मिती घटली. त्याच वेळी वितरण जाळ्याला जोडलेली अनेक छोटी निर्मितीसाधनेही आपापल्या संरक्षक यंत्रणेमुळे सुटी झाली. वारंवारता ५० हर्ट्झवरून ४८.८ पर्यंत उतरली आणि सुमारे ११ लाख ग्राहकांचा पुरवठा खंडित झाला. दोष केवळ छोट्या साधनांचा नव्हता. पण एकेकटी नगण्य वाटणारी साधने एकाच क्षणी सुटी झाली तर त्यांची बेरीज नगण्य राहत नाही, हे त्या दिवशी दिसून आले.

त्याच वर्षी 'ओपनस्ट्रीटमॅप' या मुक्त नकाशाच्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी सौर पॅनेलची मोहीम हाती घेतली होती. २००४ मध्ये ब्रिटनमध्येच सुरू झालेला हा नकाशा ज्ञानकोशाप्रमाणे कोणालाही संपादित करता येतो. हवामानबदलाच्या प्रश्नावर काम करणारी 'ओपन क्लायमेट फिक्स' ही संस्था आणि डॅन स्टोवेल यांच्यासारखे संशोधक मोहिमेत होते. स्वयंसेवक आपापल्या गल्लीतून फिरले, घरी बसून हवाई छायाचित्रे न्याहाळली आणि सापडलेले प्रत्येक पॅनेल नकाशावर नोंदविले. पुढे या नोंदी सरकारी याद्यांशी ताडून २०२० मध्ये 'सायंटिफिक डेटा' या नियतकालिकात प्रसिद्ध करण्यात आल्या. त्यात २ लाख ६० हजारांहून अधिक संच असून देशाच्या एकूण सौर क्षमतेपैकी अंदाजे ८६ टक्के क्षमता त्यात येते.

या दोन आकड्यांचा एकत्र विचार करणे अगत्याचे आहे. त्या सुमारास ब्रिटनमध्ये लहानमोठे मिळून दहा लाखांच्या आसपास संच होते. म्हणजे नकाशावर आलेले संच संख्येने साधारण एक चतुर्थांश आणि क्षमतेने मात्र ८६ टक्के. कारण उघड आहे : शेतजमिनीवरील विस्तीर्ण प्रकल्प शोधणे सोपे असते आणि क्षमतेचा मोठा वाटाही त्यांचाच असतो. उरलेली १४ टक्के क्षमता लाखो छतांवर विखुरलेली आहे आणि तीच शोधण्यास अवघड आहे. यशाचा टक्का सांगताना तो कशाचा आहे हे न सांगण्याची सवय आपल्याकडील अहवालांतही आढळते. म्हणून हा मुद्दा येथे मुद्दाम नोंदविला आहे.

अ‍ॅप प्रत्यक्षात काय करते

अँड्रॉइड फोनवर 'व्हेस्पुची' आणि आयफोनवर 'गो मॅप' ही या नकाशाची संपादन अ‍ॅप आहेत. नवख्या माणसाला 'एव्हरी डोअर' अधिक सोपे जाते. पद्धत सर्वांत सारखीच आहे. सर्वेक्षक जेथे उभा असतो तेथील नकाशा पडद्यावर येतो. त्याखाली हवाई छायाचित्राचा थर असतो. पॅनेल दिसले की त्या घरावर बिंदू ठेवायचा किंवा पॅनेलची चौकट आखायची आणि गुणधर्म भरायचे : वस्तू जनरेटर, स्रोत सोलर, पद्धत फोटोव्होल्टाइक, जागा छत, पॅनेलची संख्या, तोंडाची दिशा. शेवटी नोंद जतन केली की ती संपादकाच्या नावासह आणि तारखेसह सर्वांस दिसते. चुकीची असल्यास दुसरा कोणीही ती दुरुस्त करू शकतो.

नवखे सर्वेक्षक हमखास चुकतात ते बिंदूच्या जागेबाबत. मोबाईलला आपली जागा कळते, पॅनेलची नव्हे. मोकळ्या आकाशाखालीही सामान्य मोबाईलचा अंदाज सुमारे पाच मीटर इकडेतिकडे असतो. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संदेश भिंतींवरून परावर्तित होऊन येत असल्याने चूक आणखी वाढते. सर्वेक्षक रस्त्यावर आणि पॅनेल छतावर. 'माझे स्थान' हेच पॅनेलचे स्थान म्हणून जतन केले तर नकाशात रस्त्याच्या मधोमध वीज तयार होऊ लागते! म्हणून बिंदू हवाई छायाचित्रातील छतावर सरकवावा लागतो. उलट, छायाचित्र काही वर्षे जुने असू शकते आणि त्यात गेल्या वर्षी बसविलेले पॅनेल नसतेच. छायाचित्र जागा सांगते, डोळा अस्तित्व सांगतो. या दोहोंची सांगड जागेवरच घालता येणे हा अ‍ॅपचा खरा उपयोग आहे.

पॅनेल मोजण्याला विशेष महत्त्व आहे, कारण संख्येवरून क्षमता काढता येते. सध्या वापरात असलेले ५४० वॅटचे पॅनेल सुमारे अडीच चौरस मीटरचे असते. अशी सहा पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॅट, अर्थात अनुदानाच्या मर्यादेजवळचा घरगुती संच. जुनी पॅनेल आकाराने लहान आणि २५० वॅटच्या आसपास असत. ब्रिटनमधील चार किलोवॅटच्या छतावर बहुधा अशी सोळा दिसतात. आकार न पाहता केवळ संख्या नोंदविली तर क्षमतेचा अंदाज दुपटीने चुकू शकतो.

गच्चीचा प्रश्न

ब्रिटनमधील पद्धत महाराष्ट्रात जशीच्या तशी चालत नाही. तेथील घरांची छपरे उतरती असल्याने पॅनेल रस्त्यावरून सहज दिसते. आपल्याकडील शहरांत सपाट स्लॅबची गच्ची आणि तिला कठडा असतो. बुटक्या सांगाड्यावरील पॅनेल कठड्याआड पूर्णपणे लपते. अलीकडे गच्चीचा वापर चालू राहावा म्हणून पॅनेल डोक्याच्या वर उचलून बसविण्याचा प्रघात वाढला आहे. असे संच मात्र दुरूनही नजरेत भरतात. म्हणजेच रस्त्यावरून केलेल्या पाहणीत एका प्रकारचे संच जवळजवळ सर्व सापडतात आणि दुसऱ्या प्रकारचे जवळजवळ सर्व निसटतात. येथे हवाई छायाचित्राचा वाटा मोठा ठेवावा लागेल, तसेच महाविद्यालयाची गच्ची, उड्डाणपूल, टेकडी अशा उंच जागांचाही उपयोग करून घ्यावा लागेल.

दुसरी अडचण सौर बंबांची. पुण्यासारख्या शहरात पाणी तापविणारे सौर बंब छतोछती आहेत. वरून घेतलेल्या छायाचित्रात बंबाचा संग्राहक आणि वीजनिर्मितीचे पॅनेल ही दोन्ही काळपट आयताकृती दिसतात, आणि संगणकीय प्रतिमा-ओळखही येथे फसू शकते. बंबाला वरच्या बाजूस आडवी टाकी असते, काचेच्या नळ्या वेगवेगळ्या ओळखू येतात. जागेवर गेलेल्या माणसाला हा फरक क्षणात कळतो. बंबाची नोंद वगळू नये, मात्र ती 'औष्णिक' म्हणून करावी.

दिशेचे महत्त्व आपल्याकडे काहीसे कमी आहे. लंडनमध्ये डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर असतो; पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. शिवाय मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत पुण्याचा मध्यान्ह सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे पॅनेल दक्षिणेपासून थोडे ढळले तरी फारसे बिघडत नाही. येथे सावलीची आणि धुळीची नोंद अधिक मोलाची आहे : शेजारची पाण्याची टाकी, नारळाचे झाड, नव्याने चढलेला मजला. ब्रिटिश नमुन्यातील रकाने उचलताना हा भेद विसरला जाण्याचा संभव आहे.

ग्रामीण भागातील सौर कृषिपंपांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ग्रीडला न जोडलेल्या पंपाचे पॅनेल ग्रीडला वीज देत नाही, म्हणून अल्पकालीन पूर्वअंदाजासाठी त्याचा उपयोग नाही. सिंचनाच्या अभ्यासासाठी आहे. तो वेगळ्या हेतूने, वेगळ्या यादीत यावा.

परवानगी आणि खासगीपण

१५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमुळे भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. संवेदनशील बाबींवरील बंधने कायम आहेत. व्यावसायिक नकाशांवरून माहिती उतरवून मुक्त नकाशात भरणे मात्र परवान्याचा भंग ठरते. सोयीसाठी विद्यार्थी तसे करतील, ही शक्यता मार्गदर्शक प्राध्यापकांनी गृहीत धरावी.

खासगीपणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. छतावरील पॅनेल रस्त्यावरून कोणालाही दिसते. पण जे एकेकाला दिसते ते सर्व एका यादीत आणले की त्याचे स्वरूप बदलते. घरमालकाचे नाव, ग्राहक क्रमांक, घराचे छायाचित्र यांपैकी काहीही नोंदविता कामा नये. आडरानातील पॅनेलची आणि केबलची चोरी हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव आहे. एकट्या पडलेल्या पंपाचे अचूक स्थान खुल्या नकाशात टाकण्याऐवजी गावनिहाय संख्या देणे योग्य, असे प्रस्तुत लेखाचे मत आहे. ब्रिटनच्या सरकारी यादीने पत्ते गाळले ते काही केवळ आळसाने नव्हे.

किती निसटले हे कसे कळावे

कोणत्याही स्वयंसेवी पाहणीवर पहिला आक्षेप पूर्णत्वाचा असतो. त्याचे उत्तर संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडे आहे. माशांची वा वन्य प्राण्यांची संख्या काढण्यासाठी वापरली जाणारी पकड-पुनर्पकड पद्धत येथेही लागू करता येते. समजा, एकाच प्रभागात दोन गट परस्परांशी न बोलता स्वतंत्रपणे फिरले. पहिल्यास ४० संच सापडले, दुसऱ्यास ३५, आणि त्यांतील २८ दोघांच्याही यादीत आहेत. ४० ला ३५ ने गुणून २८ ने भागले असता ५० येतात. दोन्ही याद्या मिळून ४७ वेगवेगळे संच होतात. म्हणजे सुमारे तीन संच कोणालाच दिसले नाहीत.

हे गणित एका गृहीतकावर उभे आहे : प्रत्येक संच सापडण्याची शक्यता सारखी असावी. कठड्याआडच्या संचाबाबत ते खोटे ठरते, कारण दोन्ही गट रस्त्यावरूनच पाहत असतील तर तो दोघांनाही दिसणार नाही आणि ५० हा आकडा खऱ्या संख्येपेक्षा कमी येईल. म्हणून एक गट रस्त्यावर आणि दुसरा हवाई छायाचित्रावर ठेवणे अधिक योग्य. एकाची उणीव दुसऱ्याला लागत नाही आणि दोन याद्यांचे स्वातंत्र्य बऱ्याच अंशी टिकते. मात्र छायाचित्राची तारीख आधी पाहून घ्यावी. त्यानंतर बसलेले संच वेगळे मोजावे लागतील.