सुई टळते, पुरावा टळत नाही

मे 2013 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे तिथल्या एफडीएने, ठाण्याच्या बायोसेन्स टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीला एक पत्र धाडले. कंपनीचे ‘यूचेक’ हे ॲप तेव्हा नुकतेच गाजू लागले होते. लघवीत बुडवलेल्या स्ट्रिपचा मोबाइलने फोटो काढायचा आणि तिच्यावरच्या रंगांवरून साखर, प्रथिने वगैरेंचे प्रमाण फोनने सांगायचे, अशी ती युक्ती. स्ट्रिप सीमेन्स आणि बायर कंपन्यांच्या. एफडीएचे म्हणणे असे की, या स्ट्रिपना मंजुरी आहे ती डोळ्यांनी रंग जुळवण्यासाठी; फोन वाचणार असेल तर ॲप आणि स्ट्रिप मिळून एक नवी तपासणी-यंत्रणा तयार होते, आणि तिची मंजुरी कुठे आहे? मोबाइल ॲपवाल्या कंपनीला गेलेले अशा प्रकारचे ते पहिलेच पत्र समजले जाते. त्याच वर्षी सप्टेंबरात वैद्यकीय ॲपविषयीची अंतिम मार्गदर्शक तत्त्वेही आली. या पत्रात कुणाला लालफीत दिसेल. मला त्यात वैद्यकीय उपकरणाच्या धंद्याची सर्वांत नेमकी व्याख्या दिसते. गिऱ्हाईक यंत्रासाठी पैसे मोजते असे वाटते, पण प्रत्यक्षात ते ‘हा आकडा खरा आहे’ या दाव्यासाठी पैसे मोजत असते. छोट्या कंपनीचा खरा माल म्हणजे त्या दाव्यामागचा पुरावा, आणि तो तयार करायला शोधापेक्षा जास्त वेळ, जास्त पैसा आणि जास्त चिकाटी लागते.

बायोसेन्सची सुरुवात पाहिली की हे पटते. डॉ. अभिषेक सेन, डॉ. योगेश पाटील, म्यश्किन इंगवले आणि अमन मिधा हे तिचे संस्थापक. दोन डॉक्टर, दोन बिगर-डॉक्टर. वसई तालुक्यातले पारोळ, तेव्हा ठाणे जिल्ह्यातच असलेले गाव, ही त्यांच्या कहाणीची जागा. बाळंतपणात स्त्रिया रक्तक्षयाने दगावतात, आणि वेळेत हिमोग्लोबिन (एचबी) तपासले तर यातले बरेच मृत्यू टळू शकतात. तपासणीसाठी सुई, रक्त आणि प्रयोगशाळा लागते. या तिन्हींशिवाय, बोटातून प्रकाश सोडून हिमोग्लोबिन मोजणारे ‘टचएचबी’ हे यंत्र त्यांनी घडवले. इंगवले यांनी 2012 मध्ये टेडच्या व्यासपीठावर ते दाखवले आणि आधीचे बत्तीस प्रयत्न फसल्याचे सांगून टाळ्या घेतल्या. टाळ्या योग्यच होत्या. प्रश्न पुढचा आहे. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय, 7 च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय. यंत्र दीड ग्रॅम इकडे-तिकडे दाखवत असेल, तर आठ ग्रॅमची बाई साडेनऊची ठरते आणि लोहाच्या गोळ्या घेऊन घरी जाते. साडेसहाची बाई आठची ठरली तर जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची वेळच निघून जाते. म्हणजे बत्तीस मोडतोडींनंतर एखादे यंत्र चालू झाले तरी ते कितपत चुकते, कोणाच्या बोटावर चुकते, सावळ्या त्वचेवर आणि थंड हातांवर काय करते, हे शेकडो माणसांच्या रक्ताशी ताडून पाहावे लागते. महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत रक्तक्षयी आढळल्या. गरज एवढी मोठी असताना चुकीच्या आकड्याचे नुकसानही तेवढेच मोठे.

गंमत अशी की, देशपातळीवर या कंपनीचे नाव मंत्र्यांच्या हस्ते झळकले ते सुई टाळणाऱ्या यंत्रामुळे नव्हे, तर बोट टोचूनच शुगर मोजणाऱ्या साध्या ग्लुकोमीटरमुळे. जानेवारी 2014 मध्ये तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री गुलाम नबी आझाद यांनी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने तयार झालेल्या दोन देशी ग्लुकोमीटरचे अनावरण केले. त्यातले ‘सुचेक’ बायोसेन्सचे, दुसरे बिट्सच्या हैदराबाद संकुलातले. बाजारात 18 ते 35 रुपयांना पडणारी स्ट्रिप 2 ते 4 रुपयांत मिळेल, असे तेव्हा जाहीर झाले. आकडा यंत्राच्या किमतीचा नाही, स्ट्रिपचा आहे, हे लक्षात घ्यावे. मधुमेही माणूस यंत्र एकदा घेतो आणि स्ट्रिप आयुष्यभर. शिवाय सगळी अवघड विद्या तिथेच दडलेली असते. ग्लुकोजशी प्रक्रिया करणारे विकर स्ट्रिपवर इवल्याशा जागेत सारख्या प्रमाणात बसवायचे, आणि कोकणातल्या जून-जुलैच्या दमट हवेतही ते मरू द्यायचे नाही. हजारावी स्ट्रिप पहिलीसारखीच वागली पाहिजे. आयएसओ 15197 या मानकाच्या 2013 च्या आवृत्तीनुसार शंभर किंवा त्याहून जास्त साखरेला 95 टक्के निकाल प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्क्यांच्या आत यावे लागतात, शंभरच्या खाली 15 मिलिग्रॅमच्या आत. हे एका नमुन्यावर साधणे कुठल्याही हुशार अभियंत्याला जमेल. लाख स्ट्रिपवर साधणे हा कारखानदारीचा प्रश्न आहे, आणि नवउद्योगांच्या स्पर्धांत त्याला बक्षीस नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: नियमांचे ओझे मोठ्या कंपन्यांना पेलते, छोट्या त्याखाली चिरडल्या जातात. यात तथ्य आहे. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम 2017 मध्ये आले आणि 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. उपकरणांचे अ ते ड असे चार वर्ग पडले. एप्रिल 2020 पासून सगळीच उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली, आणि ऑक्टोबर 2022 व ऑक्टोबर 2023 अशा दोन टप्प्यांत परवाना सक्तीचा झाला. गुणवत्ता-व्यवस्था, कागदपत्रे, निरीक्षक या सगळ्याचा खर्च पाच माणसांच्या कंपनीला पन्नास पटीने जास्त बोचतो. पण नियम नसतानाच्या काळाकडेही पाहावे. तेव्हा कोणतेही आयात यंत्र आणि ठाण्यात बनलेले यंत्र दुकानाच्या फळीवर शेजारी बसत, आणि डॉक्टर ओळखीच्या परदेशी नावाकडे हात करत. नव्या, अनोळखी कंपनीला विश्वास मिळवायला परवान्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही. रक्त-तपासणीच्या थेरानोस कंपनीने अमेरिकेत पुराव्याशिवाय 70 कोटींहून जास्त डॉलर उभे केले आणि 2018 मध्ये गाशा गुंडाळला. नियमांना वळसा घालणे हा वेळ वाचवण्याचा मार्ग नाही, हे त्यातून दिसले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो सहसा भल्या माणसांकडून येतो: जिथे काहीच नाही तिथे अंदाजे आकडाही चालेल. चालेल, पण एका अटीवर. ‘ही चाळणी आहे, निदान नव्हे’ असे यंत्रावर लिहिलेले असावे आणि संशयित रुग्णाची पक्की तपासणी कुठे होणार हे आधी ठरलेले असावे. ती सोय नसेल तर आशाताईच्या हातातले यंत्र तिच्यावरच उलटते. पुढच्या वेळी गाव तिचेही ऐकत नाही. गरिबांसाठी स्वस्त यंत्र हवे, सैल मोजमाप नको.

मग अडते कुठे? माझ्या मते चाचणीच्या जागेपाशी. कामगार आणि कारखान्याचे गाळे ठाण्यात कमी नाहीत. एमआयडीसीची सुरुवातच 1962 मध्ये वागळे इस्टेटमधून झाली. मुंबई आयआयटीत 2014 पासून ‘बेटिक’मध्ये डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसून उपकरणे घडवत आहेत. सरकारी खरेदीत नवउद्योगांना उलाढाल आणि अनुभवाच्या अटीतून सूट देण्याची सोय केंद्राने 2016 मध्येच केली, गुणवत्तेची अट मात्र योग्यच कायम ठेवली. ती गुणवत्ता सिद्ध करायला रुग्ण, प्रयोगशाळा, नैतिकता समिती आणि आकडे तपासणारा संख्याशास्त्रज्ञ एका ठिकाणी लागतात, आणि ते छोट्या कंपनीला विकत घेणे परवडत नाही. टेंभी नाक्याजवळच्या विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या, आपल्या ‘सिव्हिल’च्या, जागी 900 खाटांचे नवे रुग्णालय उभे राहत आहे. शहापूर-मुरबाडपासून डोंबिवलीपर्यंतचे रुग्ण तिथे येणार. त्यात एक कक्ष उपकरणांच्या चाचणीसाठी राखावा, ठरलेले शुल्क आणि ठरलेली मुदत लावून तो सगळ्या छोट्या कंपन्यांना खुला करावा, आणि निकाल चांगला येवो की वाईट, प्रसिद्ध करावा. ही मागणी ठाण्यातल्या डॉक्टरांनी, उद्योजकांनी आणि लोकप्रतिनिधींनी आत्ताच जिल्हा प्रशासनाकडे लेखी नोंदवावी.