विहीर आपली, भाव जगाचा

२००८ सालच्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संशोधन करीत होतो. आमच्या प्रयोगशाळेत एक तंत्रज्ञ बाई होत्या. रोज साठ-सत्तर किलोमीटर अंतरावरून त्या स्वतःची गाडी चालवत येत. त्यांच्या गावाहून ना बस होती, ना रेल्वे. त्या जुलैत पेट्रोल (तिकडे त्याला गॅसोलीन किंवा नुसते 'गॅस' म्हणतात) गॅलनला सरासरी ४ डॉलर ११ सेंटांवर गेले. अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. पाच वर्षांपूर्वी हाच दर दीड डॉलरच्या आसपास होता. पगारातला केवढा भाग टाकीत जातो हे त्या बाई बोटांवर मोजून सांगत आणि शेवटी विचारत, "तेल आमच्याच जमिनीखाली आहे म्हणतात, मग काढत का नाहीत?"

प्रश्न रास्त होता, आणि वर्ष निवडणुकीचे होते. त्या सप्टेंबरात रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात 'ड्रिल, बेबी, ड्रिल' ही घोषणा गाजली. खणा, बाळांनो, खणा! आपल्याच देशात विहिरी खणा म्हणजे पेट्रोल स्वस्त होईल, असा तिचा अर्थ. २०२५ च्या जानेवारीत अध्यक्षपदाची शपथ घेताना डोनाल्ड ट्रम्प यांनीही हीच घोषणा दिली. घोषणा बाजूला ठेवून तिच्यातला हिशोब आपण तपासून पाहू. वर्गात फळ्यावर करण्याजोगा आहे.

वादाच्या केंद्रस्थानी अलास्काच्या उत्तर टोकाचे एक अभयारण्य होते. तिथल्या किनारपट्टीवर कॅरिबू हरणांचे मोठे कळप विण्यासाठी येतात आणि या कळपांवर ग्विचिन आदिवासींचे जीवन अवलंबून आहे. त्याच पट्टीखाली तेलही आहे. १९९८ च्या भूगर्भीय पाहणीत त्याचा सरासरी अंदाज सुमारे १० अब्ज पिंपे असा निघाला. (पिंप म्हणजे ४२ गॅलन, सुमारे १५९ लिटर.) आकडा ऐकून डोळे दिपतात. पण तेल जमिनीखाली असणे वेगळे आणि पंपावर येणे वेगळे. जवळच्याच प्रूडो बे येथे १९६८ मध्ये तेल सापडले, ते १,३०० किलोमीटर लांबीच्या नळातून वाहू लागले १९७७ मध्ये. आधी जमिनीचा लिलाव, मग कृत्रिम भूकंपलहरींनी खडकांची पाहणी, मग चाचणीच्या विहिरी. त्यातल्या काही कोरड्याच निघतात. तेल लागले तर पुढे रस्ते, नळ, टाक्या. बर्फाळ प्रदेशात यातली पुष्कळशी कामे जमीन गोठलेली असतानाच करता येतात.

अमेरिकन सरकारच्याच ऊर्जा माहिती प्रशासनाने २००८ च्या मे महिन्यात याचे गणित मांडले. मंजुरी मिळाली तरी पहिले तेल दहा वर्षांनी येईल. उत्पादनाचा कळस २०२७ च्या सुमारास, रोज ७ लाख ८० हजार पिंपे. त्या काळी जगात रोज साडेआठ कोटी पिंपांच्या आसपास तेल खपत होते, म्हणजे ही भर एक टक्क्याहूनही कमी. तिने कच्च्या तेलाचा भाव किती उतरेल? मधला अंदाज होता पिंपामागे ७५ सेंट. त्याला ४२ ने भागा. गॅलनमागे दोन सेंटांपेक्षाही कमी! आमच्या बाईंची १५ गॅलनची टाकी भरताना २७ सेंट वाचले असते, आणि तेही जवळजवळ वीस वर्षांनी. शिवाय तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या ओपेक संघटनेने तेवढेच उत्पादन घटवले, तर तेही नाही.

असे का व्हावे? लासलगावच्या बाजारात रोज कांद्याचा लिलाव होतो. शेजारच्या शेतात कांदा पिकला म्हणून तो आपल्याला स्वस्त मिळत नाही, कारण शेजाऱ्याला बाजारातला भाव ठाऊक असतो. तेलाचेही असेच आहे. ते जहाजात भरून कुठेही नेता येते, म्हणून साऱ्या जगाचा मिळून एकच बाजार होतो. मुंबई हाय तर आपल्या किनाऱ्यासमोरच आहे. पण तिथल्या तेलाची किंमतही आता जागतिक भावावरूनच ठरते. नॉर्वे आपले बहुतेक तेल निर्यात करतो, आणि तिथले पेट्रोल कर भारी असल्यामुळे जगातल्या महागड्या पेट्रोलांपैकी एक आहे.

त्याच उन्हाळ्यात चाकांतल्या हवेचा एक मजेदार वाद झाला. सगळ्यांनी चाकांत नीट हवा भरली आणि इंजिने वेळेवर दुरुस्त करून घेतली, तर नव्या विहिरींतून मिळेल तेवढे तेल वाचेल, असे बराक ओबामा म्हणाले. विरोधकांनी हवा मोजण्याच्या पट्ट्या वाटून त्यांची टर उडवली. पण यात भौतिकशास्त्र आहे. हवा कमी असलेले चाक प्रत्येक फेऱ्यात जास्त चेपते आणि पुन्हा फुगते. त्यात रबर तापते आणि तेवढी ऊर्जा फुकट जाते. अमेरिकेत तेव्हा रोज सुमारे ९० लाख पिंपे पेट्रोल जळत होते. योग्य हवेने सरासरी एक टक्का जरी वाचला, तरी ९० हजार पिंपे होतात, आणि तीही उद्यापासूनच. बंदी असलेला समुद्र खुला केला तर २०३० मध्ये रोज २ लाख पिंपांची भर पडेल, असा सरकारी अंदाज होता. म्हणजे ओबामांचे विधान थोडे जास्तच फुगलेले होते, पण हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते.

पुढे काय झाले? डिसेंबरअखेर पेट्रोल पावणेदोन डॉलरच्याही खाली आले. नवी विहीर एकही कामी आली नव्हती. आर्थिक संकटामुळे जगभरची मागणी कोसळली होती, एवढेच. कामावर जायचे तर गाडी हवीच, म्हणून भाव वाढला तरी माणसे पेट्रोल फारसे कमी करू शकत नाहीत. म्हणूनच पुरवठ्यात वा मागणीत दोन-चार टक्क्यांची तफावत पडली, तरी भाव दुपटी-तिपटीने हेलकावे खातो.

मात्र दुसरी बाजूही मांडायला हवी. खणण्याने भाव कधीच उतरत नाही असे नाही. शेल हा अतिशय घट्ट खडक. त्याची छिद्रे इतकी बारीक की तेल आपणहून वाहत नाही. त्यात आडवी विहीर नेऊन पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने घुसवतात आणि खडकाला भेगा पाडतात. या तंत्राने अमेरिकेचे उत्पादन २००८ मधल्या रोजच्या ५० लाख पिंपांवरून २०१५ मध्ये ९४ लाखांवर गेले. ही भर अलास्काच्या अंदाजाच्या साडेपाचपट होती. तिने बाजार हलवला. २०१४ च्या मध्यावर पिंपामागे शंभर डॉलरच्या वर असलेला भाव, नोव्हेंबरात ओपेकने उत्पादन घटवायला नकार दिल्यावर, जानेवारीपर्यंत पन्नासच्या खाली आला. २०१६ च्या आरंभी पेट्रोल दोन डॉलरलाही मिळेना, त्याहून स्वस्त मिळे! घोषणा खरी ठरली म्हणायची?

इथेच खरी गोम आहे. शेलमधल्या विहिरीचे उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक घटते. उत्पादन नुसते टिकवायचे तरी सतत नव्या विहिरी खणाव्या लागतात, आणि खणणाऱ्याला ते परवडायला हवे. २०२५ च्या सुमारास नव्या विहिरीसाठी कंपन्यांना पिंपामागे साधारण ६०-६५ डॉलर भाव हवा होता. २०१४-१६ मध्ये भाव पडताच तेलासाठी खणणारी यंत्रे सोळाशेवरून सव्वातीनशेच्या घरात आली, अनेक कंपन्यांचे दिवाळे निघाले आणि उत्पादन उतरू लागले. भाव चढतो म्हणून विहिरी खणल्या जातात. विहिरी वाढल्या आणि भाव पडला की खणणे थांबते. एकाच वेळी भरपूर खणणे आणि स्वस्त पेट्रोल, ही दोन्ही वचने देणारा पुढारी कोणत्याही पक्षाचा असो, त्याला ती फार काळ एकत्र पाळता येत नाहीत.

२०२२ मध्ये अमेरिका रोज १ कोटी १९ लाख पिंपे काढत होती, जगात सर्वांत जास्त. तरीही रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर जूनमध्ये पेट्रोल ५ डॉलरवर गेले. त्यात आणखी एक गुंता असा, की मेक्सिकोच्या आखातावरचे बरेच शुद्धीकरण कारखाने दाट, गंधकयुक्त तेलासाठी बांधलेले आहेत आणि शेलचे तेल पातळ असते. त्यामुळे हा देश एकीकडे तेल विकतो आणि दुसरीकडे विकत घेतो.

आणि अलास्काचे अभयारण्य? २०१७ मध्ये संसदेने ती किनारपट्टी कायद्याने खुली केली. जानेवारी २०२१ च्या लिलावाकडे मोठ्या तेल कंपन्या फिरकल्याच नाहीत. बहुतेक भूखंड अलास्का राज्याच्याच एका सरकारी संस्थेने घेतले आणि जेमतेम १ कोटी ४४ लाख डॉलर जमले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावात एकही बोली आली नाही. त्याच वर्षी जुलैत झालेल्या कायद्याने तिथे दहा वर्षांत आणखी चार लिलाव करण्याचा आदेश दिला.