कोर्टात बोलण्याआधी कागदावर

अमेरिकेत फौजदारी खटला कोर्टात उभा राहिला, की आरोपी दोषी आहे का हे सहसा 12 सामान्य नागरिकांची ज्युरी ठरवते. त्यांची निवड करताना हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘तुम्ही निःपक्षपातीपणे निकाल द्याल ना?’ भरल्या कोर्टात, न्यायाधीशांसमोर, याला ‘नाही’ म्हणायला छाती लागते. शिवाय स्वतःचा पूर्वग्रह स्वतःला दिसतोच असं नाही. एखाद्याने सगळ्यांसमक्ष ‘यानेच केलंय, सगळ्यांना माहीत आहे’ असं म्हटलं, तर शेजारी बसलेल्यांच्या कानांवरही ते पडतंच. लोकमत तापलेलं असताना ज्युरी किती अवघडल्या जागी असते, हे आपण 1959 साली मुंबईतल्या नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात पाहिलं. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीची बाजू लावून धरली होती, ज्युरीने 8 विरुद्ध 1 असा निर्दोषत्वाचा कौल दिला, सत्र न्यायाधीशांनी तो न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली.

म्हणूनच गाजलेल्या अमेरिकी खटल्यांत तोंडी प्रश्नांआधी लेखी प्रश्नावली भरून घेतात, आणि वेळ खाल्ला तरी ती घ्यावीच, असं मला ठामपणे वाटतं. 2013च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटांच्या खटल्यात 1,373 जणांनी 100 प्रश्नांची प्रश्नावली भरली. उत्तरं चाळून 256 जण उरले, आणि मग तीन आठवडे प्रत्यक्ष प्रश्नोत्तरं चालली. एकट्याने बसून लिहिताना माणूस जास्त मोकळा होतो. घरातलं कोणी पोलिसात आहे का, स्वतःवर कधी अत्याचार झाला आहे का, असे आयुष्यातल्या घटनांबद्दलचे प्रश्न विचारले, की पूर्वग्रह कुठे असू शकेल याचा माग वकिलांना लागतो.

वकील याच माहितीतून आपल्याला हवी तशी ज्युरी घडवतील, हा आक्षेप खोटा नाही. जॉर्जिया राज्यातल्या 1987च्या फॉस्टर खटल्यात सरकार पक्षाने ज्युरीतून कृष्णवर्णीयांना वगळलं. पुढे सरकारी फाइल हाती आली, तेव्हा यादीत कृष्णवर्णीयांची नावं हिरव्या रंगाने ठळक केलेली आणि त्यांच्या प्रश्नावल्यांवर वंशाच्या उत्तराभोवती गोल केलेला आढळला. 34 वर्षांच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीला वगळताना, तिचं वय आरोपीच्या वयाच्या जवळचं आहे, असं कारण दिलं होतं. आरोपी 19चा होता आणि ज्युरीत 21 वर्षांची एक गोरी व्यक्ती बसली होती. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने फॉस्टरच्या बाजूने निकाल दिला. भेदभाव करणारा प्रश्नावलीशिवायही चेहरा पाहून तो करतोच. कागद असला, की वगळलेल्यांची आणि घेतलेल्यांची उत्तरं शेजारी ठेवून सांगितलेलं कारण तपासता येतं.

दुसरा आक्षेप खोट्या किंवा निष्काळजी उत्तरांचा. लैंगिक शोषणाच्या आरोपांवरून चाललेल्या घिलेन मॅक्सवेलच्या खटल्यात ज्युरीच्या एका सदस्याने लैंगिक अत्याचाराबद्दलच्या, शेवटाकडे असलेल्या 48व्या क्रमांकाच्या प्रश्नावर ‘नाही’ अशी खूण केली होती. लहानपणी आपल्यावर अत्याचार झाल्याचं त्याने निकालानंतर मुलाखतींत सांगितलं. आपण घाईत प्रश्नावली भरली, असं त्याचं म्हणणं पडलं. ही चूक जाणूनबुजून केलेली नाही, असं ठरवून न्यायाधीशांनी 2022 साली फेरखटला नाकारला. यातून मला दिसतं ते इतकंच, की खटल्याच्या मुळाशी भिडणारा प्रश्न शेवटाकडे ढकलू नये आणि कागदावर ‘नाही’ असलं तरी तो तोंडी पुन्हा विचारावा. खाजगी गोष्टी चारचौघांत उघड होतील ही भीती रास्तच आहे. तिच्यासाठी ‘हे मला फक्त न्यायाधीशांना सांगायचं आहे’ असा एक रकाना प्रश्नावलीत असावा.

बॉस्टनच्या प्रश्नावलीत मात्र एक मोठी उणीव राहिली. या खटल्याबद्दल तुम्हाला आधीच काय माहीत आहे, हा प्रश्न बचाव पक्षाने सुचवला होता, आणि न्यायाधीशांनी तो गाळला. बातम्या पाहून मत बनलं आहे का, हे विचारलं गेलं. नेमकं काय ऐकलं, ते नाही. 2020 साली अपील न्यायालयाने मुख्यतः याच कारणावरून आरोपीची देहदंडाची शिक्षा रद्द केली, आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी ती पुन्हा कायम केली. कोणते प्रश्न विचारायचे हे खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाने ठरवायचं, असं बहुमताचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही. देहदंडाचा प्रश्न असताना, कोर्टात पुरावा म्हणून कधीच येणार नाही अशी एखादी गोष्ट ज्युरीने बातम्यांत ऐकली आहे का, हे कळायला दुसरा मार्गच नव्हता.