धागा तुटला तर सांधावा

मागावर कापड विणताना धागा तुटतो. कधी सूत कच्चे असते. कधी विणकराचे लक्ष नसते. पण धागा तुटला म्हणून कोणी माग फोडत नाही. विणकर माग थांबवतो, तुटलेली दोन टोके शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू करतो. आपल्या सोलापुरात हे लहान पोरालाही ठाऊक आहे.

कामधंद्याचेही असेच आहे. कधी कामच सुटते. कधी मुकादम चारचौघांत टाकून बोलतो. विडी वळणाऱ्या बाईच्या काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतात. त्याला 'छाट' म्हणतात. दिवसभर मान मोडून वळावे आणि मजुरी कापली जावी! डोळ्यांत पाणी येणारच. मग अशा वेळी काय करावे?

पहिली गोष्ट, धागा कुठे तुटला ते शोधावे. पान नीट भिजले नव्हते का? तंबाखू कमी पडली का? जाणत्या बाईला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. आम्ही शाळेत मुलांना सांगत असू, गणित चुकले तर पाटी पुसा, पाटी फोडू नका.

पण चूक आपली नसेल, तर उगीच कपाळाला हात लावू नये. सोलापूरचीच हकिकत पाहा. इथली मोठी कापड गिरणी, जिला लोक 'जुनी गिरणी' म्हणत, ती २७ ऑगस्ट १९४९ रोजी बंद झाली. हजारो कामगार घरी बसले. कितीकांनी आपल्या नशिबाला बोल लावला असेल! पण जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढला आणि गिरणीचा कारभार हाती घेतला. गैरकारभार आणि हेळसांड यांमुळे ही वेळ आली, असे त्या वटहुकमातच लिहिले होते. म्हणजे दोष विणकराचा नव्हता. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला, पण डिसेंबर १९५० मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला.

पुढे ती गिरणी कायमची बंद पडली. लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. भोंगे थांबले. तेव्हा किती तरी घरांतली चूल बायकांच्या विड्यांवर पेटत राहिली.

दुसरी गोष्ट, हसायला विसरू नये. काम सुटलेला एक गडी बायकोला म्हणाला, "गिरणीचा भोंगा थांबला, पण घरचा काही थांबत नाही!" ती म्हणाली, "हा थांबला तर भाकरी कोण थापील?" दोघेही हसली. हसल्याने काम मिळत नाही, हे खरे. पण छातीवरचा दगड जरा हलतो, डोके चालू लागते. थट्टा मात्र संकटाची करावी, पडलेल्या माणसाची करू नये. आणि 'पडलो तरी नाक वर' असेही वागू नये. घरात पीठ नसताना सगळे ठीक आहे म्हणणे, हे काही हसणे नव्हे.

तिसरी गोष्ट, एकट्याने कुढू नये. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी एकजुटीने घरांची मागणी केली. ती वर्षानुवर्षे सोडली नाही. शेवटी २००६ साली कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले आहे. एकटीचे कोण ऐकले असते?

चौथी गोष्ट, कागद जपावा. किती काम केले, किती मजुरी मिळाली, किती कापली, ते तारखेसह लिहून ठेवावे. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर त्याचा बारा आकडी क्रमांक वहीत लिहावा. न वाचता कुठल्याही कागदावर सही करू नये. आता तुम्हांला वाचता येते. हक्क मागायला जाताना हेच तुमचे बळ आहे.

आज घरी गेल्यावर एवढे करा. वहीच्या पहिल्या पानावर आपले नाव आणि आपले काम लिहा. खाली आजची तारीख आणि आजची मजुरी लिहा. उद्या पुढची ओळ लिहा.