शिकणाऱ्या मुलांचें मनःस्वास्थ्य

घरांतल्या मुलाला ताप आला, म्हणजे आपण लागलीच तापमापक काढतों, डॉक्टरांस बोलावतों आणि रात्र रात्र त्याच्या उशाशीं बसतों. तोच मुलगा जेव्हां तीन तीन आठवडे भरलें ताट तसेंच दूर सारतो, पुस्तकाचें एकच पान उघडून त्याकडे शून्य दृष्टीनें पाहत बसतो, मित्रांनीं दारांतून हाक मारली तरी खोलीबाहेर येत नाहीं, तेव्हां मात्र 'अभ्यासाचा कंटाळा' असें त्या स्थितीस नांव देऊन आपण मोकळे होतों. शरीराचा विकार ती व्याधि आणि मनाचा विकार ती खोड, असा जो भेद सुशिक्षित घरांतूनही सर्रास केला जातो, त्याचें मोल आपलीं मुलें देत आहेत. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थी दृष्टीपुढें ठेवून या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बारामती म्हटली कीं जुन्या वाचकांस मोरोपंत आठवतात. आजची बारामती ही मुख्यतः विद्यार्थ्यांची नगरी झाली आहे. १९६२ सालीं येथें तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालें. १९७२ सालीं विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली आणि तिच्या छत्राखालीं पुढें अभियांत्रिकीपासून कायद्यापर्यंत अनेक शाखांचें शिक्षण सुरू झालें. २०१९ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलें. इंदापुरासही स्वतःचें महाविद्यालय आहे. ज्या शिक्षणासाठीं पूर्वी पुण्याची वाट धरावी लागे, तें आतां एस. टी. च्या एका फेरीवर आलें, ही गोष्ट निःसंशय आनंदाची होय.

परंतु या मुलांच्या पाठीशीं कोणत्या प्रकारचीं घरें आहेत, हें पाहिल्यावांचून त्यांच्या मनावरील भार समजावयाचा नाहीं. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी ज्या शिवारांस मिळतें, तेथें ऊस उभा असतो. कालव्यापलीकडच्या जिराईत पट्ट्यांत मात्र सारी भिस्त पावसावर. भीमेच्या कांठची इंदापूर तालुक्यांतील कित्येक गांवें उजनीच्या जलाशयाखालीं गेलीं व तेथील कुटुंबांनीं दुसरीकडे नव्यानें संसार मांडले. अशा घरांतला जो मुलगा महाविद्यालयाची पायरी चढतो, तो पुष्कळदां घराण्यांतला पहिलाच पदवीधर व्हावयाचा असतो. त्याच्या शुल्कासाठीं काय विकलें व कोणाकडून उसनें घेतलें, हें त्यास पक्कें ठाऊक असतें. मग एका विषयांत नापास होणें हें त्याच्या हिशेबीं गुणपत्रिकेवरचें अपयश राहत नाहीं, तें आईबापांचें ऋण बुडविणें ठरतें.

मुलींची अडचण याहून बिकट आहे. 'या वर्षीं गेलीस तर शिक्षण बंद' असें वाक्य घरांत एकदां जरी उच्चारलें गेलें, तरी तें परीक्षेच्या दालनांत तिच्या शेजारीं येऊन बसतें. मुलाच्या अपयशाला पुढचें वर्ष असतें. तिच्या अपयशाला बहुधा स्थळ असतें.

पदवी मिळाल्यावर तरी सुटका होते असें नाहीं. शेंकडों मुलें स्पर्धापरीक्षांच्या तयारीसाठीं पुण्यास जाऊन राहतात आणि ऐन उमेदीचीं चार-पांच वर्षें त्यांत घालवितात. महासाथीच्या काळांत राज्य लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा पुनःपुन्हा लांबणीवर पडली. १४ मार्च २०२१ ची तारीखही अवघ्या तीन दिवसांपूर्वी रद्द झाली, तेव्हां हीं एरवीं शांत असणारीं मुलें पुण्याच्या रस्त्यावर उतरलीं. वयाची मर्यादा एकीकडून जवळ येत आहे व निकालाचा दिवस दुसरीकडे दूर सरत आहे, अशा अवस्थेंत मनाचा तोल राखणें किती कठीण, हें सांगावयास नको.

आपल्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. तेथें शुल्काची चिंता कदाचित् नसेल. पण ओझें आहेच, त्याचें रूप निराळें. आजोबा शिक्षक, वडील अभियंते, चुलत बहीण परदेशीं. अशा घरांत हुशारी ही मिळवावयाची वस्तु न राहतां गृहीत धरलेली वस्तु होते. नव्वद गुण मिळाले तर 'दहा कोठें गेले?' असा प्रश्न आपण सहज थट्टेनें करतों. ती थट्टा आहे हें आपणांस कळतें. मुलांस तें प्रत्येक वेळीं कळतेंच असें नाहीं. जेथें अपयशाला बसावयास जागाच ठेवलेली नाहीं, तेथें तें मुकाट्यानें मनाच्या कोपऱ्यांत जाऊन बसतें.

हा प्रश्न मूठभर हळव्या मुलांचा आहे अशी कोणाची समजूत असेल, तर सरकारी आंकडे ती दूर करतील. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत भारतांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आपलें जीवन संपविलें. त्यांत १,७६४ आपल्या महाराष्ट्रांतील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या राष्ट्रीय पाहणींत असें दिसून आलें कीं, शंभर प्रौढांत सुमारें दहा-अकरा जण कोणत्या ना कोणत्या मानसिक विकारानें त्रस्त असतात व त्यांतील बहुसंख्यांस उपचार मिळतच नाहींत.

या वयाचाही येथें संबंध आहे. आयुष्यांत पुढें जडणाऱ्या मनोविकारांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश विकारांचा आरंभ चोविसाव्या वर्षाच्या आंत होतो, असें संशोधकांस आढळलें आहे. म्हणजे ज्या वर्षांत आपण मुलाला वसतिगृहांत एकटें ठेवतों, नेमक्या त्याच वर्षांत त्याच्याकडे अधिक लक्ष हवें.

तर मग ओळखावें कसें? परीक्षेच्या आधीं छाती धडधडणें, निकालानंतर दोन दिवस उदास वाटणें, ही प्रकृति आहे. परंतु उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक, जवळजवळ रोज व दिवसभर टिकूं लागला. झोंप उडाली किंवा अतोनात वाढली. आवडत्या खेळांत व गाण्यांत रुचि उरली नाहीं. 'माझा कोणास उपयोग नाहीं' अशी भाषा येऊं लागली, तर तो नैराश्याचा विकार असूं शकतो व त्यावर उपचार आहेत. बोलण्याद्वारें केले जाणारे मानसोपचार आणि आवश्यक तेथें औषधें, या दोहोंचा गुण येतो. नैराश्यावरील औषधांनीं सवय लागते ही भीति बहुतांशीं निराधार आहे. मात्र त्यांचा गुण दिसण्यास कांहीं आठवडे लागतात व तीं डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून एकदम थांबवूं नयेत.

आणखी एक गैरसमज घालविला पाहिजे. 'जीव नकोसा वाटतो का?' असें मुलाला विचारलें तर नसता विचार त्याच्या डोक्यांत शिरेल, अशी भीति पालकांस वाटते. तज्ज्ञांचें मत याच्या उलट आहे. शांतपणें, सरळ शब्दांत केलेल्या या प्रश्नानें तो विचार उत्पन्न होत नाहीं. आजवर एकट्यानें वाहिलेलें ओझें उतरविण्यास त्यामुळें वाट मिळते. उत्तर होकारार्थी आलें, तर मुलाला एकटें सोडूं नये व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें.

आपल्या घरांतून गीतेचें पठण होतें. तिचा पहिला अध्याय एका खचलेल्या तरुणाच्या विषादाचा आहे, आणि त्या अध्यायभर श्रीकृष्ण जवळजवळ कांहींच बोलत नाहींत. ते ऐकून घेतात. उपदेश येतो तो त्यानंतर. आपण मात्र मुलाचें पहिलें वाक्य पुरें होण्याआधींच दुसऱ्या अध्यायास प्रारंभ करतों!

कायद्यानेंही आतां दृष्टि बदलली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्यास शिक्षेऐवजीं साहाय्य द्यावें, असें त्याचें सांगणें आहे. जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आदेश दिला कीं, शंभर अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनें निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, शिक्षकांस वर्षांतून दोनदां या विषयाचें शिक्षण द्यावें, आणि साहाय्याचे दूरध्वनिक्रमांक वर्गांत व वसतिगृहांत ठळकपणें लावावे. तेव्हां प्रवेशाच्या वेळीं शुल्क व खानावळ यांची चौकशी करतांना 'आपले समुपदेशक कोण व ते कोठें भेटतात?' हाही प्रश्न पालकांनीं अवश्य विचारावा. विचारणारे वाढले, म्हणजे कागदावरची नेमणूक खुर्चीवर येऊन बसेल.

घरीं करण्याजोग्या गोष्टीही फार नाहींत. वसतिगृहांतील मुलाशीं बोलतांना पहिला प्रश्न अभ्यासाचा नसावा. सात-आठ तासांची झोंप ही चैन नव्हे, हें परीक्षेच्या दिवसांतही लक्षांत असावें. शेजाऱ्याच्या मुलाची तुलना जेवणाच्या पानावर वाढूं नये. निकालाच्या दिवशीं घरांतलें एक माणूस मुलाजवळ असावें, आणि निकाल कांहींही लागो, त्या दिवशींचें जेवण नेहमीप्रमाणें सर्वांनीं मिळून व्हावें. घरांतून न सुटणारी गांठ असेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. मराठींतूनही तेथें बोलतां येतें.

पदवी एका वर्षानें उशिरा मिळाली म्हणून कोणाचें आयुष्य अडत नाहीं. मूल मात्र एकदां गेलें कीं गेलें. बारामतीच्या बसस्थानकावर सायंकाळीं पाठीला दप्तर लावून गांवाकडच्या गाडीची वाट पाहणारीं जीं शेंकडों मुलें-मुली उभीं असतात, त्यांतील प्रत्येकाला आपण नापास झालों तरी घराचें दार उघडेंच असेल, एवढी खात्री देणें कोणत्याही आईबापांच्या आवांक्यांत आहे. ती खात्री मनांत असून भागत नाहीं; ती शब्दांत, आणि परीक्षेच्या आधीं, सांगितली गेली पाहिजे.