काचेखालचा बुडबुडा

भ्रमणध्वनी, म्हणजेच मोबाइल, आज केवळ बोलण्याचे साधन राहिलेला नाही. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे तिकीट, मुलांचा अभ्यास, दुकानदाराचा हिशेब अशी अनेक कामे तळहाताएवढ्या पडद्यावर चालतात. हा पडदा फुटला की सारी कामे खोळंबतात आणि तो बदलण्याचा खर्च सामान्य माणसाला जड जातो. म्हणूनच पडद्यावर आणखी एक पातळ काच बसवण्याची पद्धत रूढ झाली आहे. बाजारात तिला ‘टेम्पर्ड ग्लास’ म्हणतात. मात्र ही काच बसवताना तिच्याखाली हवेचे बुडबुडे राहतात, हा अनेकांचा अनुभव आहे. मग कोणी अंगठ्याने जोर लावतो, तर कोणी नाण्याची कड घासतो. या धडपडीत कधी नवी काच तडकते, तर कधी जिच्या रक्षणासाठी एवढा खटाटोप केला त्या मूळ पडद्यालाच इजा होते. बुडबुडा घालवायचा असेल, तर तो का झाला हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

संरक्षक काचेची जाडी साधारणतः मिलिमीटरच्या एक तृतीयांश असते. एवढी पातळ काच मजबूत करण्यासाठी ती वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. तेथे काचेच्या पृष्ठभागातील सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन शिरतात. भरलेल्या डब्यात आणखी माणसे दाटीने बसावीत, तसा पृष्ठभाग आवळला जातो. त्यामुळे त्यावर सहजासहजी भेग पडत नाही. मात्र अशा काचेच्या कडा नाजूकच राहतात.

या काचेच्या खालच्या बाजूस सिलिकोनचा पारदर्शक, मऊ थर असतो. त्यातील आणि पडद्यातील रेणू परस्परांना आकर्षित करतात. हे आकर्षण अत्यंत कमी अंतरावर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपासच प्रभावी ठरते. दोन्ही पृष्ठभाग पुरते भिडले, तर काच आपोआप धरली जाते. मध्ये थोडी जरी फट राहिली, तरी तेवढ्या जागी पकड नाहीशी होते.

काच पडद्यावर अलगद ठेवून मधोमध एकदा बोट टेकवले, की चिकटलेला भाग पाण्यावरील तरंगाप्रमाणे कडांकडे पसरत जातो आणि हवा आपल्या पुढे ढकलतो. याउलट, आधी दोन्ही टोके दाबली तर मधल्या हवेला वाट उरत नाही. पतंगाचा कागद खळीने चिकटवताना जाणता कारागीर हात मधून कडेकडे फिरवतो, त्यामागे हेच तत्त्व असते.

अडकलेली हवा डोळ्यांत भरते, त्याचेही कारण आहे. काच आणि सिलिकोन यांमधून प्रकाश जवळजवळ सारख्याच रीतीने जातो. त्यामुळे त्यांची सीमा दिसत नाही. हवेची सीमा मात्र सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरवते. म्हणून बुडबुडा चकाकतो. जेथे हवेचा थर फार पातळ असतो, तेथे इंद्रधनुष्यी कडीही दिसतात. दोन काचांमधील अशा कड्यांचा न्यूटन यांनी बारकाईने अभ्यास केला होता. त्यांच्याच नावाने त्या आज ओळखल्या जातात.

दिसायला सारखे असले, तरी या बुडबुड्यांचे तीन प्रकार पडतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिल्या प्रकारात निव्वळ हवा असते. मऊ कापडात गुंडाळलेले प्लास्टिकचे कार्ड हलक्या हाताने कडेकडे सरकवले, की मोठा बुडबुडा बाहेर पडतो. लहान बुडबुड्यांना हातही लावावा लागत नाही. सिलिकोनमधून वायू हळूहळू आरपार जाऊ शकतो. त्यामुळे असे ठिपके बहुधा एकदोन दिवसांत आपोआप विरतात. येथे घाईपेक्षा धीर अधिक उपयोगी पडतो.

दुसऱ्या प्रकारात बुडबुड्याच्या मधोमध धुळीचा कण असतो. केसाच्या जाडीहून लहान असा हा कण तंबूच्या खांबाप्रमाणे काच वर उचलून धरतो. काच ताठ असल्याने ती कणाभोवती लगेच वाकत नाही. परिणामी कण न दिसण्याइतका लहान असूनही बुडबुडा मात्र ठसठशीत दिसतो. असा बुडबुडा कितीही दाबला तरी पुन्हा उमटतो. उलट, सारा दाब त्या कणावर एकवटून काच तडकण्याची भीती असते. येथे कण काढणे हाच उपाय. पातळ प्लास्टिकचे कार्ड एका कोपऱ्याखाली सरकवून काच न वाकवता सावकाश उचलावी. चिकटपट्टीचा तुकडा कणावर टेकवून तो उचलून घ्यावा आणि काच पुन्हा अलगद खाली सोडावी. यासाठी सुरी वा सुई वापरू नये. तिने काचेच्या कडेचा टवका उडतो किंवा पडद्यावर चरा पडतो.

तिसरा प्रकार कडेला दिसणाऱ्या पांढुरक्या पट्ट्याचा. काही मोबाइलचा पडदा कडेला किंचित गोलाई घेतो. सपाट काच तेथे टेकतच नाही. हा दोष बसवणाऱ्याच्या हाताचा नसून मापाचा आहे. त्या पडद्यासाठीच घडवलेली काच घेणे, हाच त्यावरचा खरा मार्ग. वक्र पडद्यांसाठी द्रवरूप डिंक लावून तो अतिनील दिव्याखाली घट्ट करण्याची पद्धतही आहे. परंतु हा डिंक ध्वनिछिद्रांत वा बटणांच्या फटीत झिरपला, तर मोबाइल बिघडू शकतो. म्हणून ते काम जाणकारावरच सोपवावे.

तथापि, बुडबुडा काढण्यापेक्षा तो होऊच न देणे सोपे असते. त्यासाठी प्रथम हात धुवावेत आणि पंखा बंद करावा. पडदा आधी ओल्या पुसणीने आणि नंतर कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावा. उरलेले कण चिकटपट्टीने टिपून घ्यावेत. तोंडाने फुंकर मारू नये, कारण तिच्याबरोबर थुंकीचे सूक्ष्म तुषार पडद्यावर पडतात. काचेखालचे संरक्षक पटल अगदी शेवटच्या क्षणी सोलावे. ते सोलताना घर्षणाने स्थिरविद्युत निर्माण होते आणि हवेतील धूळ काचेकडे ओढली जाते. कोरड्या हवेत हा त्रास अधिक जाणवतो, तर दमट हवेत कमी. म्हणूनच काही जण नुकतीच आंघोळ झालेल्या न्हाणीघरात हे काम करतात. तेथील बाष्पामुळे धूळही खाली बसलेली असते.

काच बसवण्यास क्षणभर पुरतो, पण त्यापूर्वीच्या स्वच्छतेला पाच-दहा मिनिटे द्यावी लागतात. ती देण्याचा कंटाळा केला, की पुढे बळ वापरण्याची वेळ येते. बुडबुडा दिसताच अंगठा टेकवण्याऐवजी क्षणभर उजेडात धरून पाहावे. आत केवळ हवा आहे की कण, हे एकदा ओळखता आले, की काचही वाचते आणि तिच्याखालचा पडदाही.