पॅनडॉक : मधला सांगाडा

मागच्या वेळी आपण मार्कडाउन पाहिलं. आता तीच फाइल लाटेकमध्ये हवी असेल तर? बर्कलीचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन (विषय तत्त्वज्ञान, बरं का!) यांनी २००६ मध्ये पॅनडॉक आणलं. प्रत्येक जोडीला वेगळा प्रोग्राम लिहायचा, तर १० प्रकारांना ९० लागतील. पॅनडॉक आधी मजकुराचा झाडासारखा सांगाडा करतं: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. मग त्यावरून हवा तो प्रकार लिहितं. म्हणजे १० वाचणारे, १० लिहिणारे पुरले.

पण सांगाड्यात ज्याला जागा नाही, ते गळतं. समासांची रुंदी जाते, गुंतागुंतीची कोष्टकं बिघडू शकतात. आम्ही एकदा वर्डमधला अहवाल मार्कडाउन केला आणि मूळ फाइल पुसली. परत वर्डमध्ये आणला, तर मजकूर सगळा होता, मांडणी मात्र आम्हाला पुन्हा हातानं करावी लागली.